होडी अजून मधेच आहे

मानक नगर, लखनऊ
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय मोहन,

तुझं जूनमधलं पत्र अजून देवघराच्या फळीवर आहे. उत्तर दिल्याशिवाय ते ट्रंकेत ठेवायचं नाही असा माझा नियम, म्हणून रोज दिवा लावताना ते मला टोचतं. आज टोचणी संपवतो.

चेतनाच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून चेतना महिनाभर कराडला आहे आणि दिवाळीपर्यंत तिथंच राहील. घरी मी आणि ऋता, दोघंच. मी ऑफिसातून आलो की मोबाइल ऋताच्या हातात जातो, आईशी बोलायला. आणि तुला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर मी ओरडायचं आणि सगळ्या कॉलनीनं ऐकायचं! म्हणून आपलं कागद-पेनच बरं.

काम आहे. ऋताला तेरावं संपलं, आठवीत गेली. मराठी सगळं समजतं, पण मी म्हणतो "जेवायला ये" आणि ती म्हणते "आ रही हूँ." चेतना होती तोवर घरात मराठी दोन आवाजांत होती, आता एकट्या माझ्या आवाजात उरली आहे. तू शाळेचं ग्रंथालय बघतोस. या वयाच्या मुलांना द्याव्यात अशा चार-पाच मराठी कादंबऱ्या सुचव. फार गोड नकोत, उपदेशाच्या नकोत. ती लगेच म्हणते, "बाबा, ये तो मॉरल साइंस है."

तिला दोन ओळी लिहायला सांगितल्या आहेत. त्या खाली आहेत.

तुझा,
श्रीपाद

काका नमस्ते. मी मराठी वाचायची खूप चेष्टा करते पण अर्धं सुटतं. सोपी बुक पाठवा. ऋता.


खडकवाळ, ता. शिराळा, जि. सांगली
१३ ऑगस्ट २०२४

श्रीपाद,

ऋताच्या ओळी गीताला वाचून दाखवल्या. दोघंही हसलो. पोरीला सांग, तुमच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आमच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. तिनं मराठीची अशी थट्टा रोज केली तरी माझी हरकत नाही.

आता कादंबऱ्या. यादी करायची माझी रीत तुला सांगतो, कुणाला सांगू नकोस, शिक्षणाधिकारी हसतील. मी समीक्षा वाचत नाही. वर्षाच्या शेवटी कपाट उघडतो आणि कुठल्या पुस्तकाची पानं मळलीत ते बघतो. कोपरे दुमडलेले, शिवण सुटलेली, चटणीचा डाग पडलेलं पुस्तक यादीत वर. कोरं करकरीत राहिलेलं खाली, मग त्याला कितीही बक्षिसं असोत. पोरं हातानं मत देतात.

त्या हिशेबानं, एक कबड्डी खेळणाऱ्या मुलीची आहे, तिचं मधलं पान तर कापडासारखं मऊ झालंय. एक धूमकेतू बघायला घरातून पळालेल्या दोन भावांची. एक जत्रेत भजीचं दुकान टाकणाऱ्या जुळ्या बहिणींची, ती वाचताना भूक लागते, जेवून वाचायला सांग. आणि चौथी कुठली ते तुला सांगायला नको. होडीची. पुरात सुटलेल्या होडीत एकटी अडकलेली ती मुलगी! आपण सातवीत होतो तेव्हाही तीच सगळ्यांत मळलेली होती, आजही तीच आहे.

शाळेची प्रत पाठवता येत नाही. सांगलीच्या दुकानदाराला चारही नव्या प्रती थेट तुझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितल्यात.

मोहन


मानक नगर, लखनऊ
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय मोहन,

पुस्तकं आली. ऋतानं चारही पुस्तकं उलटीपालटी करून पाहिली आणि होडीची उचलली, कव्हरवरचं पाणी आवडलं म्हणून. मी म्हटलं, "ही मी तुझ्याएवढा असताना वाचलीय. शेवट तर फार सुंदर आहे." तिनं विचारलं, "हॅपी एंडिंग?" मी म्हटलं, "वाच आणि बघ."

रोज वीस पानं वाचते. अडलं की मला विचारते. वल्हं म्हणजे काय, भोवरा म्हणजे काय. मग सकाळी बसथांब्यावर ती सगळी गोष्ट देविकाला हिंदीत सांगते. देविका समोरच्या बंगल्यातली, हिच्याच वर्गात आहे. तिचे वडील श्रीवास्तव साहेब माझ्या साहेबांचे साहेब. पोरगी अबोल आहे, बसथांब्यावर सगळ्यांपासून चार हात लांब उभी असते. ऋता सांगते तेवढा वेळ मात्र मान वर करून ऐकते. ऋता पुस्तकातल्या मुलीला 'होडीवाली' म्हणते. "होडीवाली ने चप्पल से पानी निकाला." असं चाललेलं असतं.

परवा मी भाजी घेऊन येत होतो, तेव्हा ऐकलं. देविका म्हणाली, "ये होडीवाली मेरे जैसी है. उसको भी कोई ढूँढ नहीं रहा." ऋता म्हणाली, "अरे ढूँढेंगे यार, अभी तो सौ पेज बाकी हैं."

मला बरं वाटलं. मराठीतली एक होडी लखनऊच्या रस्त्यावर चालली आहे, असं.

तुझा,
श्रीपाद


खडकवाळ
३ सप्टेंबर २०२४

श्रीपाद,

घाईत लिहितोय. गणपती शनिवारी येतायत आणि शाळेच्या मूर्तीचा पाट सापडत नाही.

पोरगी वाचतेय म्हटल्यावर एक सुचवतो. तिला एक वही दे. रोज चार ओळी मराठीत लिहायच्या, काय वाट्टेल ते. आणि तू ती वही तपासायची नाहीस. वेलांटी चुकली म्हणून एकदा जरी टोकलंस तरी वही बंद होईल. मी बावीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतो, म्हणून सांगतोय.

आणि होडीचा शेवट वाचून झाला की तिला कसा वाटला ते मला कळव. विसरू नकोस.

मोहन


मानक नगर, लखनऊ
बुधवार, १८ सप्टेंबर २०२४

मोहन,

अक्षर समजून घे.

ऋताचं पुस्तक आठ तारखेला संपलं. त्या दिवशी तिनं नैवेद्याचे मोदकही खाल्ले नाहीत. मी विचारलं, "शेवट कसा वाटला?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परका माणूस आहे. म्हणाली, "आपको अच्छा लगा था?" आणि खोलीत जाऊन दार लावलं. तेव्हापासून दहा दिवस तेच चाललंय. जेवण चिमणीएवढं. शाळेतून आली की वही घेऊन बसते, मी गेलो की वहीवर हात ठेवते. मला वाटलं वय आहे, आई जवळ नाही, होईल नीट.

आज ती शाळेत गेल्यावर मी वही उघडली. तू नको म्हणाला होतास. चूक केली म्हण किंवा देवानं बुद्धी दिली म्हण. शेवटच्या पानावर लिहिलंय, जसंच्या तसं उतरवतो:

"दसऱ्याच्या सुट्टीआधी जीव द्यायचा. पक्का. देविकाला आधी नाही सांगायचं. बाबांना पण नाही."

मोहन, मग मी ते पुस्तक घेतलं आणि शेवटची पानं वाचली. होडी रिकामी सापडते! ती मुलगी नाहीच. पाण्यात गेली. आणि लिहिणाऱ्यानं ते असं लिहिलंय की जणू ती पाण्यात गेली आणि शांत झाली. हे तू यादीत सगळ्यांत वर ठेवलंस? बावीस वर्षं मुलांना देतोस? तुला माहीत होतं आणि तू माझ्या घरी पाठवलंस?

दसरा बारा ऑक्टोबरला आहे. शाळेची सुट्टी दहापासून. मी कॅलेंडरकडे बघू शकत नाही.

मी आजारपणाची रजा टाकली आहे. ऋताच्या खोलीची आतली कडी काढली, तिला सांगितलं की सुताराकडे दिलीय. आपलंच घर मला नव्या नजरेनं दिसायला लागलंय, कुठलीही वस्तू साधी दिसत नाही. ती आंघोळीला गेली की मी बाहेर उभा राहून काहीबाही विचारतो, "ऋता, साबण आहे ना?" ती आतून ओरडते, "है बाबा, कितनी बार!" तेवढा आवाज ऐकला की पुढची दहा मिनिटं जातात.

चेतनाला सांगितलेलं नाही. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली, हिला सांगून काय करू? देवापुढे बसतो, पण मन नामावर ठरत नाही, कान खोलीकडे असतात.

मी काय करू ते सांग.

श्रीपाद


खडकवाळ
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

श्रीपाद,

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. तेव्हाच गीताला तुला फोन करायला लावला. तू तिला म्हणालास, "सगळं ठीक आहे वहिनी, ऋता इथंच बसलीय." बाई रडायच्या बेतात होती. ठीक नाही हे तुझ्या आवाजावरून कळलं म्हणे.

पहिल्यांदा तू काय करायचं ते सांगतो. माझ्यावरचा राग नंतर.

आजच चेतनाला सांग. तिच्यापासून लपवायचा तुला हक्क नाही. आणि ऋताला विचार. समोर बसवून, नाव घेऊन, सरळ. "तू जीव द्यायचा विचार करतेस का?" असं, याच शब्दांत. विचारल्यानं पोरांच्या डोक्यात भरतं असं तुला वाटत असेल. मलाही एकेकाळी वाटायचं. आमच्या शाळेत एका मुलाला मी विचारलं नव्हतं. त्याबद्दल तुला कधी लिहिलं नाही, आजही यापुढे लिहीत नाही. तू विचार. कडी काढून काही होत नाही, पोरगी घरात एकटी पडली तर कडीचा काय उपयोग? आणि ती हो म्हणाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. ऑफिस, लोक, कुणाची भीड धरू नको.

आता माझं. श्रीपाद, मी तो शेवट वाचलेला नव्हता.

शाळेच्या प्रतीत शेवटची सोळा पानं नाहीत. आपल्या वेळीही नव्हती, आठवतंय ना? होडी भोवऱ्याशी येते आणि तिथं पुस्तक संपतं. आपले गुरुजी म्हणायचे, "पुढचं तुम्ही सांगा." जो तो आपापला शेवट सांगायचा. तुझा मला आठवतो, पैलतीरावर कुणीतरी कंदील धरून उभं असतं. पुढे मी शिक्षक झालो आणि तेच करत आलो. खरा शेवट शोधावा असं वाटलं नाही. पोरांच्यात रोज नवा शेवट मिळत होता, छापलेला कशाला हवा? मळलेलं पुस्तक ते चांगलं पुस्तक, अशी माझी रीत, आणि जे सगळ्यांत मळलं त्याचीच पानं गळाली, हे माझ्या ध्यानात आलं नाही. नवी प्रत मी उघडूनही बघितली नाही. आपल्या ओळखीत तो शेवट वाचणारी ऋता पहिली.

पण तूही तिला सांगितलंस की शेवट सुंदर आहे. तूही वाचला नव्हतास, लेका. ते तिला सांग. आपल्या बापाला ती मुलगी बुडालेली आवडली, असं समजून ती दोन आठवडे तुझ्यासमोर जेवतेय.

मी उद्या सांगलीला जाऊन ती पानं वाचतो. तू पत्राची वाट बघू नकोस. हे वाचलंस की उठ.

मोहन


मानक नगर, लखनऊ
रविवार, २९ सप्टेंबर २०२४, सकाळ

मोहन,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, "दहा दिवस तू एकट्यानं हे घेऊन बसलास?" आणि मग, "विचार तिला. मी फोनवर थांबते." फोन टेबलावर ठेवला आणि ऋताला समोर बसवलं.

मी तुझे शब्द वापरले. "ऋता, तू जीव द्यायचा विचार करतेस का?"

ती म्हणाली, "हाँ."

फोनमधून चेतनाचा आवाज आला, तो शब्द नव्हता. मी ऋताचे दोन्ही हात धरले. ती दचकली. "क्या हुआ? बाबा, हाथ छोड़िए, दर्द हो रहा है!"

"का? का पण?"

"क्योंकि वो मर गई ना! एंड में. तो मी तिला जीव देणार ना. लिख के. नया एंड."

मला कळेना. ती चिडून वही घेऊन आली. "जीवन देना! जीव देणे! मराठी में और क्या बोलते हैं?"

मोहन, तिच्यासाठी जीव देणं म्हणजे जिवंत करणं. मी तेवीस वर्षं हिंदीच्या गावात राहतो आणि माझ्या लक्षात आलं नाही. चेष्टा शब्दावर आपण हसलो होतो. भीतीनं वाचताना माणूस एकाच भाषेत वाचतो बहुतेक. मी तिला मराठीतला अर्थ सांगितला तेव्हा ती पांढरी पडली. म्हणाली, "छी. आपने सोचा मैं..." आणि मग रडली. चेतनाही तिकडे रडत होती. मी तिला सांगितलं की मी शेवट वाचला नव्हता, खोटं बोललो होतो. ती म्हणाली, "झूठे." पण मांडीवर डोकं ठेवून म्हणाली.

इथं पत्र संपवता आलं असतं तर मी आज देवळात जाऊन नारळ फोडला असता.

थोड्या वेळानं मी विचारलं, "नवा शेवट लिहायचा तर लिही. पण सुट्टीच्या आधीच का? आणि देविकाला सांगायचं का नाही?"

तिनं एकेक करून सांगितलं. वर्गातल्या मुलींनी देविकाशी बोलणं टाकलंय, जुलैपासून. डब्याला कुणी बसत नाही. घरी आई-वडील दोघंही नोकरीवर. देविकानं ऋताला सांगितलं होतं, "मैं न रहूँ तो किसी को पता भी नहीं चलेगा." आणि होडीची गोष्ट सुरू झाल्यावर म्हणाली, "जो होडीवाली का होगा, वही मेरा होगा. मैंने तय कर लिया है." ऋताला आधी ती मस्करी वाटली. आठ तारखेला शेवट वाचला तेव्हा तिला ते वाक्य आठवलं. तेव्हापासून, तीन आठवडे झाले, ती रोज बसथांब्यावर खोट्या गोष्टी रचते आहे. होडीत एक कासव आलं, होडी झाडाला अडकली, पाऊस थांबला, परत आला. "बाबा, नाव अभी बीच में ही है. मैंने आगे बढ़ने ही नहीं दी." पण देविका आता म्हणते, सुट्टीच्या आधी संपव. सुट्टीत ती दिवसभर घरी एकटी असणार. आणि नवा शेवट असा हवा की तो रचलेला आहे हे तिला कळता कामा नये.

माझी मुलगी या ओझ्यानं जेवत नव्हती. मी दहा दिवस बाथरूमच्या दाराशी उभा होतो आणि चुकीच्या दाराशी उभा होतो!

समोर श्रीवास्तव साहेबांचं फाटक दिसतंय. गाडी आत आहे. ज्या माणसासमोर मी फाइल घेऊन जातानाही शर्टाची बटणं तपासतो, त्याला हे जाऊन सांगायचं आहे. मी जाऊन येतो. मग पुरं करतो.

दुपार

गेलो होतो. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना वाटलं बदलीसाठी आलोय. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं, त्या वाक्यासकट.

ते आधी हसले. "बच्चों की बातें हैं. आपकी बेटी को कहानियाँ बनाने का शौक है, ये तो आप ख़ुद बता रहे हैं." मी म्हटलं, "सर, बनाई हुई कहानी मेरी बेटी की है. ये बात आपकी बेटी की है." तसं ते उठले. "आप लोग घर में बच्चों को पढ़ाते क्या हैं? डूबने-मरने की किताबें? अपनी लड़की को मेरी लड़की से दूर रखिए." मी म्हटलं, "सर, मैं भी दस दिन डरकर चुप रहा. आप एक बार पूछ लीजिए बस." ते म्हणाले, "जा सकते हैं आप."

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, कधीपासून कुणास ठाऊक. मी बाहेर पडताना हलक्या आवाजात म्हणाल्या, "उसने ये कब कहा था?" मी म्हटलं, "अगस्त में." त्यांनी भिंतीला हात टेकला.

ऋताला सांगितलं की आता मोठ्यांना कळलंय. ती म्हणाली, "अब वो मुझसे बात नहीं करेगी. आपने बता दिया." मग म्हणाली, "ठीक किया." मग पुन्हा, "पर एंड तो अभी हुआ नहीं."

श्रीपाद


खडकवाळ
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

श्रीपाद,

पत्र मिळालं. गीताला परत फोन करायला लावला, तू म्हणालास की सोमवारपासून देविका बसथांब्यावर आलेली नाही, बंगल्याचे पडदे ओढलेले आहेत आणि कुणी काही सांगत नाही. काल घटस्थापनेला शाळेत दिवा लावला, तेव्हा मनात दुसरं काही आलंच नाही. त्या पोरीला मी पाहिलेलंही नाही, आणि सकाळी हजेरी घेताना तिचं नाव तोंडात येतं.

तू गेलास ते बरोबर केलंस. त्यांनी दार लावलं असलं तरी गोष्ट आत गेली आहे.

मी ती सोळा पानं सांगलीच्या दुकानात उभ्यानं वाचली. वाईट लिहिलेली नाहीत, तेच वाईट आहे. दुकानदारानं विचारलं, "गुरुजी, अजून प्रती पाठवू का?" मी पुस्तक परत त्याच्या हातात दिलं. रात्रंदिवस एकच प्रश्न आहे. ते पुस्तक यादीतून काढून टाकू? मग मनात येतं, ते पुस्तक नसतं तर देविकानं जे बोलायचं ते कुणाला बोलली असती? आणि ठेवलं, तर पुढची एखादी देविका ते घरी एकटी वाचेल, तिला ऋता नसेल. मला उत्तर सापडलेलं नाही. सध्या यादीत त्याच्यापुढे लिहून ठेवलंय, "हे एकट्यानं वाचायला देऊ नये. शिक्षकांनी आधी शेवटपर्यंत वाचावे." बावीस वर्षांनी ही ओळ लिहिली.

ऋताला म्हणावं, तुला जमेल ते मला लिही. चुकांसकट.

मोहन


मानक नगर
११ ऑक्टोबर

मोहनकाका नमस्ते,

बाबा बोलले तू स्वतः लिही. त्यांनी फक्त वेलांट्या बघितल्या. दोन ठिकाणी मी बदलू नाही दिल्या.

देविका दहा दिवस नाही आली. मी रोज सकाळी तिच्या गेटकडे बघायची, बस सुटेपर्यंत. मला वाटायचं माझ्यामुळे झालं, मी गोष्ट सांगितली म्हणून. मम्मी फोनवर रोज बोलायची, तुझ्यामुळे नाही झालं, पण मला वाटायचंच. एक दिवस तिथं कार आली आणि आंटी तिला धरून घेऊन गेल्या. मी आणि बाबा खिडकीत होतो. बाबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पण हात जोडले. मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं, मी फक्त प्लीज प्लीज बोलले.

काल दुपारी आंटी आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. बाबांनी चहा केला, त्यांनी नाही घेतला. बोलल्या, देविकाला डॉक्टर मॅडमकडे नेलं, औषध आहे, आठवड्यातून दोन दिवस जायचं आहे. अंकल आता लीववर आहेत, घरीच असतात. त्या बोलल्या, "अंकल ने पूछा था उससे. उसने हाँ कहा." मग आंटींनी मला विचारलं, "बेटा, वो नाव कहाँ तक पहुँची? घर में किसी से बात नहीं करती. बस यही पूछती है."

मी वही घेऊन गेले. अंकलनी दार उघडलं. बाबांना बघून ते बाजूला झाले. देविका पलंगावर बसली होती, केस तेल लावून बांधले होते, लहान मुलीसारखे. अंकल दारात खुर्ची घेऊन बसले.

मी नवा एंड वाचला. तो मी मराठीत लिहिला आहे, तिला हिंदीत सांगितला. त्यात कुणी वाचवायला येत नाही. मी खूप वेळा तसं लिहून बघितलं, खोटं वाटायचं, देविकाला ते पकडता आलं असतं. म्हणून असं केलं की होडी भोवऱ्यात फिरते, फिरते, आणि ती वल्हं सोडत नाही. हात सोलतात. एक माणूस काठावरून तिला बघतो, पण त्याला पोहता येत नाही. तो फक्त आवाज देत राहतो. ती त्या आवाजाकडे वल्हवते. मग होडीच्या खाली वाळू लागते.

देविका पूर्ण वेळ चादरीकडे बघत होती. मग बोलली, "ये किताब में नहीं है ना?"

बाबा दारात होते, अंकल पण. मी खोटं बोलणार होते. पण नाही बोलले. मी बोलले, "नहीं है. किताब में वो मर जाती है. ये मैंने लिखा है."

"क्यों?"

"तू सुन रही थी, इसलिए."

अंकल उठून आत गेले. देविकानं वही आपल्याकडे ओढून बघितली. मग ती बोलली, "रेत पर उतर गई. अच्छा. फिर गई कहाँ? घर किधर है, उसको क्या पता?"

काका, तेवढं तर मी लिहिलंच नव्हतं! मला वाटलं होतं वाळू लागली की संपलं. मी बोलले, "कल बताऊँगी." ती बोलली, "कल पक्का? कितने बजे?"

मी "चार बजे" बोलले आहे. आता सकाळचे अकरा वाजले आहेत आणि तिला वाळूवरून कुठं न्यायचं ते मला अजून माहीत नाही. म्हणून पत्र इथंच थांबवते.

ऋता